दहा ते बाराचा पहारा

"असं बघा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पदर कमरेला खोचला आणि एक खोकं जमिनीवर ठेवलं. "ओझं उचलताना कंबरेतून वाकायचं नाही. गुडघ्यात वाकायचं. पाठ सरळ. ओझं अंगाजवळ. आणि वळायचं असेल तर कंबर पिळायची नाही, पाय फिरवायचे. आधी पाय, मग अंग. कळलं?"

हळदीच्या पेठेत, मारुतीच्या देवळासमोर, आम्ही तीसेक हमाल गोणपाटावर बसलो होतो. सगळ्यांची तोंडं पिवळी. फाल्गुनात हळदीचा हंगाम लागला की आमच्या घामाचासुद्धा रंग बदलायचा.

"बाई, त्या खोक्यात काय हाय?" हणमंतानं विचारलं.

"काही नाही. रिकामं आहे."

"मग वाकता कशाला? फुंकर मारा, जातंय की."

सगळे खदखदून हसले. बाईही हसल्या. चांगल्या होत्या त्या. मिरजेहून आपल्या खर्चानं आल्या होत्या, आमच्या पाठी बघायला. "तुमचं पोतं केवढं असतं?" त्यांनी विचारलं. "शंभर किलो," हणमंता म्हणाला, "अन् वर हळदीची धूळ फुकट." बाईंचा चेहरा जरा उतरला. त्यांनी खोक्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

मी मागं खांबाला टेकून उभा होतो. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा गडी ऐटीत टेकलाय. खरं म्हणजे मला गोणपाटावर बसताच येत नव्हतं. बसलो असतो तर चारचौघांत उठावं लागलं असतं, आणि उठताना तोंडातून आवाज आला असता.

"तुम्ही मागचे, या जरा इकडे," बाईंनी नेमकं माझ्याकडं बोट केलं. "वाकून दाखवा. मी सांगते तुमची पाठ कशी आहे."

माझ्या कानात शीळ घातल्यासारखं झालं. पुढं गेलो असतो तर संपलंच होतं. बाईंच्या बोटाला दोन मणक्यांत कळलं असतं जे मी महिनाभर बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

"त्याला कशाला, मला बघा!" हणमंता टुणकन उठला. बाईंसमोर जाऊन असा काही वाकला, असा काही पार्श्वभाग हलवला की माणसं लोळायला लागली. "बाई, लवकर बघा, नायतर ह्यो आसाच ऱ्हाईल," कुणी ओरडलं. बाईंचं माझ्यावरचं लक्ष उडालं. मी खांबाआड सरकलो आणि मनात म्हटलं, पांडुरंगा, वाचवलंस.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

*

आमच्या टोळीचं काम असं चालायचं. दोघं जण पोत्याला आकडे घालून ते उचलायचे आणि वाहणाऱ्याच्या पाठीवर द्यायचे. त्याला आम्ही उचल देणं म्हणतो. वाहणारा वाकून पोतं पेलायचा आणि लाकडी फळीवरून ट्रकात चढायचा. वर दोघं थप्पी लावायला. मी वाहणारा होतो. हणमंता आणि रामू मला उचल द्यायचे. टोळीचे मुकादम ग्यानूअण्णा खोत. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात माळ.

टोळीत आलेला माणूस बिल्ल्यावर यायचा. पितळेचा बिल्ला, वर नंबर. माझा सत्तेचाळीस. तो माझ्या सासऱ्यांचा, केरबामामांचा. मामांची पाठ गेली तेव्हा त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अण्णांनी तो जावयाच्या दंडाला बांधला. पाठीवर पोतं घेणं ज्याला जमत नाही त्याचा बिल्ला सुटतो, हा टोळीचा कायदा. कुणी लिहिलेला नाही, कुणी मोडलेलाही नाही. बिल्ला सुटला की पेठेच्या फाटकातून आत यायचं काम उरत नाही. मला दोन मुली. घरात बाजेवर मामा. आणि माझ्याजवळ दुसरा कुठलाच हुन्नर नाही.

पाठ कशी धरली ते सांगतो. माघ महिन्यातला एक साधा दिवस. पाठीवर पोतं घेऊन निघालो होतो, मागून अण्णांनी हाक मारली, "सोपाना!" आणि मी पोत्यासकट कंबरेतून वळलो. बस्स. कंबरेत ओलं धोतर पिळावं तशी कळ पिळवटून गेली. पोतं टाकलं नाही. वर चढलो, थप्पीवर दिलं, खाली आलो. त्या दिवशी अजून एकोणीस पोती वाहिली.

मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. आधी मांडीत, मग पोटरीत. सुलोचना रोज संध्याकाळी तेल कोमट करून पाठ चोळायची आणि म्हणायची, "सांगा की वो अण्णांस्नी. माणूस हाय त्यो. खाणार हाय व्हय?"

"अण्णा न्हाई खायचा. कायदा खाईल."

"कायद्याला पाठ नसती, म्हणून."

मी लुगड्याची पट्टी कमरेला आवळून बांधायचो, वर सदरा घालायचो आणि कामावर जायचो. आणि खरं सांगतो, त्या दिवसांत एक नवलाची गोष्ट घडायला लागली होती. पोतं पाठीवर पडलं की पहिली पावलं, फळी चढायला लागेपर्यंत आणि फळीवरची दोन-तीन, ते पोतं हलकं वाटायचं. खरोखर हलकं. कुणी तरी खालून तळवा लावावा तसं. मग अचानक सगळा भार यायचा. पण तोवर मी अर्धी फळी चढून गेलेलो असायचो, आणि उरलेली अर्धी दात आवळून निघायची.

वाकलेल्या माणसाला आपल्या पायांपुढची वीतभर जागा दिसते, बाकी काही नाही. मी लहानपणापासून कीर्तनं ऐकत वाढलेला. देव भक्ताघरी दळण दळतो, पाणी भरतो, हे मी टाळ वाजवत वाजवत ऐकलेलं, आणि कीर्तनात ऐकलेलं मला कधी खोटं वाटलं नाही. मला एकट्याला कळलं होतं की माझ्या पोत्याला कोण हात लावतंय. रोज कामावर येताना मारुतीच्या देवळातल्या विठोबापुढं मी हात जोडायचो आणि हळूच म्हणायचो, आज बी ये बरं का.

*

चैत्रात आमच्या देवळात सप्ता बसायचा. हमालांचा सप्ता. सात दिवस हरिपाठ, कीर्तनं, आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होऊन सांगता. या सगळ्या दिवसांत वीणा खाली ठेवायची नसते. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभं राहतं. दोन दोन तासांचे पहारे. पुढचा माणूस येतो, वाकून नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, मग आधीचा त्याच्या पाया पडतो आणि मोकळा होतो. बुवांची कीर्तनातली वीणा वेगळी. पहाऱ्याची वीणा डाव्या खांबापाशी अखंड उभी. पहाऱ्याची यादी अण्णा खडूनं फळ्यावर लिहायचे. त्या वर्षी काल्याच्या दिवशी आठ ते दहा माझं नाव होतं, दहा ते बारा हणमंताचं.

सप्त्यातही दिवसाचं काम बंद नसायचं. सहाव्या दिवशी दुपारी चारला एक ट्रक भरत होता. पोत्यांचे तीन थर चढले होते, म्हणजे फळी चांगलीच उभी झालेली. माझं चौदावं पोतं. हणमंता आणि रामूनं उचल दिली. "चल," हणमंता म्हणाला. मी निघालो. पहिली पावलं हलकी. मी मनात नाव घेतलं. फळीवर उजवा पाय ठेवला, मग डावा.

डावा पाय ठेवला हे मला डोळ्यांनी दिसलं म्हणून कळलं. पायाला कळलं नाही.

पावलाखाली फळी नव्हतीच. म्हणजे होती, मला दिसत होती, पण पायाला ती लागत नव्हती. आणखी एक पाऊल. उजवा. मग डावा उचलला तो अंगठ्यातून वाकला, कापडाचा असावा तसा लोळला, आणि मी गुडघ्यावर आलो. पोतं माझ्या पाठीवरून मागं घसरलं.

मागं कुणी नसायला पाहिजे होतं. उचल देणारा उचल दिली की पुढच्या पोत्याकडं वळतो. फळीच्या मागं उभं राहायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मी आवाज ऐकला. पोत्याचा नव्हे.

वळून पाहिलं तर हणमंता पोत्याखाली होता. रामू आणि वरचे दोघं धावले, पोतं बाजूला लोटलं. हणमंताचा उजवा खांदा भलत्याच जागी दिसत होता. तो ओरडत नव्हता. तोंड उघडं, डोळे माझ्यावर.

मी तोंड उघडणार तोच अण्णा ओरडले, "फळी घसरली! फळी! किती येळा सांगितलं फळीखाली गोणपाट घाला म्हणून!" त्यांनी फळीला लाथ मारली. दोनदा मारली. "टेंपो आणा रं कुणीतरी. बघता काय? फळी घसरली!"

फळी घसरली नव्हती. ती जागच्या जागी होती. पण मुकादम म्हणाला फळी घसरली, आणि मी गप्प राहिलो. गुडघ्यावर, फळीवर, तसाच.

टेंपोत चढवताना हणमंता म्हणाला, "तुला लागलं का रं?"

मी मान हलवली. न्हाई.

*

घरी आलो तेव्हा उजेड होता. मामा बाजेवर उताणे. त्यांना कुशीवर करणं, उठवून बसवणं, हे काम माझं. त्या दिवशी मी बाजेच्या कडेला नुसता बसलो.

"कुणाचं पोतं हुतं?" मामांनी विचारलं. पेठेतली बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

"माझं."

"फळी घसरली म्हणं."

"व्हय."

मामा आढ्याकडं बघत म्हणाले, "चाळीस वरसं चढलो मी त्या फळीवर. फळी घसरत न्हाई रं." मग म्हणाले, "पाय दाव."

"कशाला?"

"दाव म्हणतो न्हवं? डावा. वर घे."

मी पाय बाजेवर घेतला. मामांनी हात पुढं केला, अंगठ्याचं टोक दोन नखांत धरलं आणि दाबलं. मी त्यांच्या नखांकडं बघत होतो. त्यांनी जोर केला. नखं कातडीत रुतली, रक्ताचा ठिपका आला. मामा माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

त्यांनी हात काढून घेतला. "माझं बी अंगठ्यापासनंच सुरू झालतं."

"मामा, तुमी कधी बोलला न्हाई."

"बोललो असतो तर बिल्ला गेला असता. वरीसभर तसाच काढला. रडत काढला. मग एक दिवस बसलो ते उठलोच न्हाई." त्यांनी माझा पाय बाजेखाली सारला. "आता आईक. बोललास तर सत्तेचाळीस नंबर जातोय. पोरींच्या तोंडातला घास जातोय. न्हाई बोललास तर ह्या बाजेशेजारी आजून एक बाज बसंल, एवढी जागा हाय घरात. मी मोजलीया."

दारात सुलोचना उभी होती. हातात तेलाची वाटी. तिनं ती वाटी खाली ठेवली आणि परत चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दिवसभर कानावर दोनच गोष्टी आल्या: हणमंताच्या खांद्याचं हाड मोडलंय, आणि अण्णा दवाखान्यातून हललेले नाहीत. मी दवाखान्याच्या वाटेला चार वेळा लागलो आणि चारही वेळा पुलावरून परत फिरलो. पुलावर थांबून कृष्णेकडं बघत उभा राहिलो. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, चौथ्या वेळी एक म्हातारी शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, बस आली तुजी," आणि ती कुणाची बस हे न विचारता मी तिथून हललो.

*

काल्याच्या दिवशी सकाळी आठला मी वीणा गळ्यात घेतली.

वीणा हलकी असते. पोत्यापुढं तर ती काहीच नव्हे. पण उभं राहणं हलकं नसतं. पट्टी आवळली होती. डाव्या पायावर भार द्यायचा नाही, उजव्यावर उभं राहायचं, असं ठरवलं होतं. नऊपर्यंत उजवी मांडी थरथरायला लागली. साडेनऊपर्यंत कंबरेत कुणी निखारा ठेवून फुंकर घालतंय असं झालं. मी फळ्याकडं बघत होतो. दहा ते बारा: हणमंता.

दहा वाजले. वासुदेवबुवा आळतेकर कीर्तनाला उभे राहिले. मंडप गच्च भरला. टाळकरी दोन्ही बाजूंना, मृदंग घुमायला लागला. पण फळ्यावरचं नाव कुणी पुसलं नव्हतं. पुसणारे अण्णा दवाखान्यात होते.

कुणालाही खूण केली असती तर वीणा घ्यायला पन्नास हात पुढं आले असते. आज मला ते कळतं. पण मी जन्मात कधी कुणाला म्हटलं नव्हतं की हे माझ्याच्यानं होत नाही, घे. ते शब्दच मला येत नव्हते. शिवाय जो यायचा त्याला मीच दवाखान्यात झोपवलं होतं. त्याची वाट मी बघायची नाही तर कुणी? मी उभा राहिलो. त्याचे दोन तास माझ्यावर चढले होते आणि ते मी वाहून नेणार होतो, पडेपर्यंत.

साडेदहा. अकरा. तोंडावरून घाम गळत होता. बायकांच्या बाजूला सुलोचना बसली होती. ती अर्धवट उठली. मी डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. ती बसली, पण पदराचं टोक तोंडात धरून.

बुवा रंगात आले होते. काल्याचं कीर्तन म्हणजे देवाच्या लीला. गोवर्धन उचलायची कथा लागली होती.

"देवानं करंगळी लावली," बुवा म्हणाले. "आणि गोपाळांनी काय केलं? काठ्या लावल्या! एकेक काठी, एवढी एवढीशी! एक म्हणतो, बघ, माझ्या काठीनं डोंगर उचलला. दुसरा म्हणतो, गप रे, तुझी काठी वाकलीय, माझीच खरी. अहो, डोंगर होता देवाच्या करंगळीवर, आणि भांडण काठ्यांचं!" मंडप हसला. बुवांनी हात वर केला. "पण मला सांगा माउली, एवढा डोंगर करंगळीवर धरणारा देव, त्यानं काठ्या लावू का दिल्या?"

टाळ वाजले. मृदंग उठला. आणि मंडपाच्या तोंडाशी मला अण्णा दिसले, आणि त्यांच्या खांद्याला धरून हणमंता.

उजवा हात छातीशी बांधलेला, सदऱ्याची एक बाही रिकामी. कपाळाला बुक्का. माणसं वाट देत होती. तो खांबापाशी आला आणि डावाच हात जमिनीला लावून त्यानं वीणेला नमस्कार केला.

"उशीर झाला," तो कुजबुजला. "सोडतच नव्हते. दे."

"तुला न्हाई जमायचं."

"एका हातानं धरतो. वीणा हाय, पोतं न्हाई. दे."

मृदंग घुमत होता, म्हणून मी बोलू शकलो. "हणमंता, फळी घसरली न्हवती. माझा पाय गेला. दोन म्हैन्यांपासनं माझी पाठ गेलीया. मी कुणाला सांगितलं न्हाई. तुज्या खांद्यावर मी पाडलं पोतं."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"सगळं. पाठीचं. पायाचं." तो वीणेकडं बघत बोलत होता, माझ्याकडं नाही. "तू डावा पाय फरफटत चालतोस, आंधळ्याला बी दिसंल. त्या बाईनं तुला पुढं बोलावलं तवा मला घाम फुटला. म्हणून तर मी नाचलो."

"मग?"

"मग काय? उचल दिली की चार पावलं तुज्या मागं यायचो. हात लावून. फळीच्या मध्यापत्तूर. रामू पुढलं पोतं एकटाच सरकवायचा तोवर. अण्णाच म्हणाले, फळी पार हुईस्तोवर सोडू नका त्याला, पण तोंडानं कायबी बोलू नका, बिल्ला जाईल बिचाऱ्याचा."

मी अण्णांकडं पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते.

रोज सकाळी मी ज्याला म्हणायचो, आज बी ये, तो माझ्यासमोर उभा होता. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

मृदंग थांबला. बुवांनी नवीन ओळ धरायच्या आधी श्वास घेतला, आणि त्या एवढ्याशा शांततेत माझा आवाज निघाला. मी काढला असं म्हणवत नाही.

"अण्णा, माझी पाठ गेलीया."

माणसं वळली.

"गप," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "कीर्तन चाललंय."

"अण्णा, माझ्याच्यानं आता पोतं उचलत न्हाई. फळी घसरली न्हवती. माझा पाय घसरला. आन् ही वीणा बी आता मला पेलत न्हाई. घ्या."

घ्या. हा शब्द तोंडातून निघाला आणि हातपाय असे कापायला लागले की वीणेच्या तारा आपोआप वाजायला लागल्या. सगळ्या मंडपात तेवढाच एक आवाज. बुवा थांबले होते. टाळकरी थांबले होते. हणमंतानं डावा हात पुढं केला, पण अण्णा त्याच्या आधी आले. साठीचे अण्णा वाकले, त्यांनी नमस्कार केला आणि वीणा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली. त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"पुढं चालू द्या, बुवा," ते म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. बिल्ला मी त्याच दिवशी अण्णांच्या हातात दिला. टोळी तीन दिवस भांडली आणि चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दाभण आणि सुतळी दिली. पोत्यांची तोंडं शिवायला. बसून करायचं काम. ते मी वीस वर्षं केलं. डॉक्टरीणबाईंना टोळीनं पुन्हा बोलावलं, आणि त्या वेळी खोक्यात काय आहे असं कुणी विचारलं नाही. माझ्या अंगठ्याला अजून काही लागत नाही. हणमंताचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भजनात तो टाळ पोटापाशी वाजवतो. सप्त्याची यादी आता मी लिहितो, आणि प्रत्येक पहाऱ्यापुढं दोन नावं लिहितो. नवी पोरं विचारतात, दोन कशाला? मी सांगतो, एक असावं जवळ.

पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी एक गोष्ट करायची राहिली होती. वीणा दिली की देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. मी अण्णांच्या पायांवर वाकलो. कंबरेतून वाकलो, सवयीनं. आणि तिथंच अडकलो.

कपाळ अण्णांच्या पायांवर, दोन्ही हात जमिनीला, आणि पाठ अशी धरलेली की श्वासही आत जाईना. वर कीर्तन पुन्हा सुरू झालं होतं. मागं कुणीतरी हळहळत म्हणालं, "बघा, किती भाव हाय!" मी तसाच. आता उठता येणार नाही, आता कधीच उठता येणार नाही, मामांची बाज, तिच्या शेजारची जागा, सगळं त्या पायांच्या बोटांपाशी मला दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या डाव्या बगलेत एक हात शिरला. एकच हात. हणमंता गुडघे मोडून माझ्याशेजारी बसला होता, तोंड माझ्या कानाशी.

"घाई करू नगंस," तो म्हणाला. "आधी गुडघं मोड. हां. आता पाठ सरळ. माझ्या अंगाजवळ ये. अजून जवळ. आता ऊठ, पायांनी ऊठ, कंबरेनं न्हाई."

मी उठलो. कसा ते ठाऊक नाही.

"आता वळ," हणमंता म्हणाला. "आधी पाय, सोपाना. आधी पाय."